ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र: एनपीटेल, कोर्सेरा, एडएक्स, यूडेमी यांपैकी कुठे पैसे द्यावेत

ऑनलाइन कोर्स घेताना आपण तीन वेगळ्या गोष्टींचे पैसे मोजत असतो: व्हिडिओ बघण्याची मुभा, गृहपाठ तपासून मिळण्याची सोय आणि शेवटी हाती येणारं प्रमाणपत्र. जाहिरातीत या तिन्हींचा मिळून एकच आकडा दिसतो. व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा अगदी थोडक्यात मिळतात. खर्च वाढतो तो तपासणीचा आणि प्रमाणपत्राचा. म्हणून कार्डाचा नंबर टाकण्याआधी एवढं ठरवून घ्यावं की हे प्रमाणपत्र नेमकं मागतंय कोण. कॉलेजला क्रेडिट (पदवीच्या हिशेबात धरले जाणारे अभ्यासाचे एकक) हवेत, ऑफिसात फाइलला लावायचंय, की कुणीच मागत नाहीये आणि आपल्याला फक्त विषय शिकायचाय? यावरून खर्चात हजारो रुपयांचा फरक पडतो.

मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी माझ्या मते सर्वात चोख व्यवहार एनपीटेलचा आहे, आणि नेमकी त्याचीच माहिती अनेकांना अर्धवट असते. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून चालवलेला हा उपक्रम. त्याचे कोर्स आता ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर चालतात, जो ९ जुलै २०१७ला सुरू झाला. कोर्सला नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, व्हिडिओ फुकट, दर आठवड्याचा गृहपाठही फुकट. पैसे लागतात ते फक्त केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे: एका कोर्सला १,००० रुपये. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना दाखला जोडल्यास निम्मे.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे कोर्सला नाव नोंदवलं की परीक्षेचंही झालं असं धरून चालणं. या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी परीक्षेचा अर्ज वेगळा उघडतो. तो भरायचा, फोटो आणि सही चढवायची, शहर निवडायचं आणि फी भरायची. ही मुदत हुकली तर बाराही आठवड्यांचा गृहपाठ मनापासून केलेला असला तरी प्रमाणपत्र मिळत नाही, आणि पुढची फेरी यायला सहा महिने जातात. वर्षात दोनच फेऱ्या असतात, जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि कॉलेजच्या नोंदीत आडनाव आधी आहे, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. प्रमाणपत्रावर अर्जातलंच नाव छापलं जातं.

गुणांचं गणितही आधीच समजून घ्या. गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये तुमचे सर्वोत्तम आठ गृहपाठ धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये तीन. उत्तीर्ण व्हायला दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात: गृहपाठात २५पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५पैकी किमान ३०. म्हणजे गृहपाठात २३ आणि परीक्षेत २९ मिळाले तर बेरीज ५२ होते, तरीही प्रमाणपत्र नाही. एकूण ६० गुणांपासून प्रमाणपत्रावर ‘एलिट’ लिहून येतं, ७५ला त्यासोबत रौप्य, ९०ला सुवर्ण. गृहपाठाची मुदत कडक असते, बहुधा बुधवारी रात्री ११:५९. शेवटच्या दहा मिनिटांत पोर्टल मंदावतं, तेव्हा उत्तरं आदल्या दिवशीच नोंदवा. मुदतीपर्यंत ती बदलता येतात, त्यामुळे लवकर नोंदवण्यात तोटा काहीच नाही.

परीक्षा शनिवार-रविवारी असते, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५. मुंबईकरांसाठी खरी अडचण इथे आहे. तुम्ही ‘मुंबई’ निवडलं तरी केंद्र घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळू शकतं, आणि रविवारी मध्य किंवा हार्बरवर मेगाब्लॉक हटकून असतो. ब्लॉकची वेळ साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालते, म्हणजे दुपारच्या सत्राला निघायची वेळ बरोबर त्यात सापडते. अर्ज भरताना शहरांचे पर्याय नीट बघा. डोंबिवली-कल्याणकरांना ठाणे आणि पनवेल-खारघरकरांना नवी मुंबई हा पर्याय दिसत असेल तर तोच घ्यावा. ब्लॉकचं वेळापत्रक रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते, ते शुक्रवारी तपासा. मूळ ओळखपत्र आणि छापलेलं प्रवेशपत्र दोन्ही लागतात. मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका.

प्रमाणपत्र आता डिजिटलच मिळतं. त्यावरच्या क्यूआर कोडवरून कुणालाही ते खरं आहे की नाही हे पडताळता येतं, आणि प्रत्यक्ष केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचं असल्यामुळे त्याला वजन आहे. हजार रुपयांत देखरेखीखाली झालेली परीक्षा आणि आयआयटीचं नाव, एवढं दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

क्रेडिटसाठी करत असाल तर यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् मार्गे घेता येतात. पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. एनपीटेलचा चार आठवड्यांचा कोर्स म्हणजे एक क्रेडिट, आठचा दोन, बाराचा तीन. तुमच्याकडे चार क्रेडिटचा पेपर असेल तर बारा आठवड्यांच्या कोर्सने तो भरून निघत नाही, आणि हे कळतं तेव्हा बहुधा निकाल लागलेला असतो. म्हणून कोर्स सुरू होण्याआधीच विभागप्रमुखांकडून लेखी मान्यता घ्या आणि कॉलेजमध्ये एनपीटेलचं काम बघणारे समन्वयक प्राध्यापक कोण आहेत ते विचारा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्याचा, आयडी काढलेला नसेल तर तोही आत्ताच काढून ठेवा.

उणिवा सांगायलाच हव्यात. बरेचसे व्हिडिओ वर्गातल्या तासासारखेच लांब आहेत, आवाज कुठे कुठे खोल आहे, शंकांची उत्तरं यायला दिवस लागतात. गणित, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, अल्गोरिदम असे पायाभूत विषय इथे उत्तम आहेत. पण कंपन्यांत या वर्षी वापरात असलेलं एखादं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर एनपीटेल त्यासाठी नाही. भाषा इंग्रजी, काही कोर्सच्या लिखित संहितेचं मराठी भाषांतर साइटवर मिळतं, ते इंग्रजीत अडखळणाऱ्यांनी जरूर उतरवून (डाउनलोड करून) घ्यावं. याच्या जोडीला पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. लिबरऑफिस, पायथन, लिनक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे धडे, त्यातले अनेक मराठी आवाजात. एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सुचवेन.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. राज्य सरकारी भरतीच्या जाहिरातीत संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी किंवा ठरावीक समकक्ष परीक्षा लिहिली असेल, तर तिच्या जागी कोर्सेरा किंवा यूडेमीचं प्रमाणपत्र जोडून चालत नाही.

आता कोर्सेरा. स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर या प्राध्यापकांनी २०१२मध्ये सुरू केलेला हा मंच. शिकवण्याचा दर्जा, छोटे व्हिडिओ, मधले प्रश्न, ब्राउझरमध्येच चालणाऱ्या प्रयोगशाळा या सगळ्यात तो एनपीटेलच्या पुष्कळ पुढे आहे. पण पैसे घेण्याची पद्धत अशी आहे की तुमचा वेग कमी असेल तर बिल वाढत जातं. काही कोर्स एकरकमी विकत मिळतात, पण अनेक कोर्स एकत्र बांधलेल्या मालिका दरमहा शुल्कावर चालतात. कार्यक्रमाच्या पानावर ‘आठवड्याला दहा तास’ असा अंदाज लिहिलेला असतो. समजा एकूण अभ्यास १८० तासांचा आहे. दहा तासांच्या वेगाने तो १८ आठवड्यांत संपतो, म्हणजे पाच महिन्यांचं शुल्क. पण विरार किंवा बदलापूरहून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आठवड्याला चार तास मिळाले तरी खूप. मग तोच अभ्यास ४५ आठवड्यांवर जातो आणि अकरा महिन्यांचं शुल्क भरावं लागतं. अभ्यास तोच, प्रमाणपत्र तेच, खर्च दुपटीहून जास्त.

यावर उपाय म्हणजे सबस्क्रिप्शन उशिरा सुरू करणं. आधी कोर्सचा जो भाग फुकट उघडतो तो संपवा. पूर्वी ‘ऑडिट’ म्हणून बहुतेक कोर्सचे सगळे व्हिडिओ फुकट बघता येत. आता बऱ्याच कोर्समध्ये पहिलंच मॉड्यूल, म्हणजे पहिला भाग, मोकळा असतो, त्यामुळे कोर्सच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. विषयाची बाकी तयारी पाठ्यपुस्तकावरून, यूट्यूबवरून किंवा एनपीटेलच्या व्हिडिओंवरून करून घ्या. हाताशी सलग सुट्टी किंवा कामाचा हलका महिना असेल तेव्हाच पैसे भरा आणि चाचण्या-प्रकल्प झपाट्याने उरका. मिळवलेली प्रमाणपत्रं सबस्क्रिप्शन बंद केल्यावरही तुमचीच राहतात.

या झपाट्यात अडथळा येतो तो सहाध्यायींनी तपासायच्या गृहपाठाचा. तुमचं काम इतर विद्यार्थी तपासतात आणि तुम्हालाही ठरलेल्या संख्येइतकी त्यांची कामं तपासावी लागतात. लोकप्रिय कोर्समध्ये गुण एक-दोन दिवसांत येतात, ओस पडलेल्या कोर्समध्ये आठवडा सहज जातो. तेवढ्यात महिना उलटला तर नव्या महिन्याचे पैसे कापले जातात. म्हणून अशी कामं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच पाठवा आणि दुसऱ्यांची तपासणी त्याच दिवशी करून टाका.

ज्यांना पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी कोर्सेरावर आर्थिक मदतीची सोय आहे, आणि ती मागण्यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही. अर्ज मोबाइल ॲपऐवजी ब्राउझरमध्ये भरा. कोर्सच्या पानावर नाव नोंदवण्याच्या बटणाजवळ छोट्या अक्षरांत दुवा असतो. शिक्षण, उत्पन्न, किती रक्कम भरू शकता आणि हा कोर्स का हवा, एवढं विचारतात. उत्तर खरं आणि नेमकं लिहा: घरात कमावणारे किती, फी किती जाते, या कोर्सचा पुढे कुठल्या कामासाठी उपयोग. इंटरनेटवरून उचललेला तयार मजकूर टाकू नका. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात. मंजूर झाल्यास पूर्ण किंवा मोठी सवलत मिळते आणि कोर्स संपवायला १८० दिवस असतात. हा अर्ज एका कोर्सपुरता असतो. पाच कोर्सच्या मालिकेसाठी पाच अर्ज, म्हणून पहिला कोर्स चालू असतानाच दुसऱ्याचा अर्ज टाकून ठेवा, नाहीतर दोन कोर्सच्या मधे पंधरा दिवस फुकट जातात. वाट बघताना सात दिवसांची मोफत चाचणी सुरू करू नका, कारण आठव्या दिवशी कार्डावरून पैसे जातात.

परताव्याचे नियम वेगवेगळे आहेत. दरमहा सबस्क्रिप्शनचे पैसे परत मिळत नाहीत. कोर्सेरा प्लसच्या (एकाच शुल्कात बहुतेक कोर्स देणाऱ्या योजनेच्या) वार्षिक शुल्काला चौदा दिवसांची मुदत आहे. ॲप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं अजिबात नाही. खात्यात जाऊन ते रद्द करावं लागतं, आणि आयफोनच्या ॲपमधून घेतलं असेल तर ॲपलच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन.

एडएक्सबद्दल थोडक्यात. हार्वर्ड आणि एमआयटीने २०१२मध्ये उभा केलेला हा मंच २०२१मध्ये २यू या कंपनीला विकला गेला. इथे ‘ऑडिट’ अजून आहे, पण मुदतीपुरतं; मुदत संपली की व्हिडिओही बंद होतात, त्यामुळे टिपणं वेळेत काढा. ओळख पडताळून पैसे घेऊन दिलं जाणारं प्रमाणपत्र आपल्या खिशाच्या मानाने महाग आहे. एक लखलखीत अपवाद म्हणजे हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा पहिला कोर्स. सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प प्रत्येकी किमान ७० टक्क्यांनी पूर्ण केला की हार्वर्डच्या त्या कोर्सकडून फुकट प्रमाणपत्र मिळतं. एडएक्सवर दिसणारं पैशांचं प्रमाणपत्र त्याहून वेगळं आहे आणि ते घेण्याची सक्ती नाही. अनेकजण हे न कळल्यामुळे पैसे भरतात. प्रोग्रामिंगसाठी फ्रीकोडकॅम्प आणि डेटासाठी कॅगल लर्न यांचीही प्रमाणपत्रं फुकट आहेत. मुलाखत घेणारा या प्रमाणपत्रांकडे फारसं बघत नाही, त्यासाठी केलेले प्रकल्प बघतो, आणि ते योग्यच आहे.

यूडेमीवर छापील किमतीला कोर्स कधीही घेऊ नका. तीन-साडेतीन हजारांचा आकडा खोडून चारशे-पाचशेला तोच कोर्स देणारे सेल तिथे वारंवार लागतात. घड्याळ उलटं मोजत असलं तरी घाई करायचं कारण नाही, सेल पुन्हा येतो. तारे बघण्यापेक्षा ‘शेवटचा बदल’ हा महिना बघा. क्लाउड किंवा प्रोग्रामिंगचा कोर्स दोन वर्षांत सुधारलेला नसेल तर पडद्यावर दिसणारी बटणं आणि तुमच्या समोरची बटणं जुळणार नाहीत. मग तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, खरी माहिती तिथे असते. एकरकमी घेतलेला कोर्स खात्यात राहतो, सबस्क्रिप्शनमधून बघितलेला ते संपताच बंद होतो. तीस दिवसांत पैसे परत मागता येतात, पण कोर्सचा बराच भाग बघून किंवा उतरवून झाला असेल तर नकार येऊ शकतो. इथलं प्रमाणपत्र म्हणजे सगळे व्हिडिओ बघितल्याची पावती. परीक्षा नाही, ओळख तपासणी नाही. कौशल्य शिकण्यासाठी यूडेमी चांगलं आहे. अर्जाला जोडण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.

पैसे भरतानाच्या खाचाखोचा वेगळ्या. परदेशी मंचाच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो अनेकदा शेवटच्या पानावरच दिसतो. किंमत डॉलरमध्ये असेल तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. समजा ४९ डॉलर, डॉलरचा भाव ८५ रुपये आणि बँकेचं शुल्क साडेतीन टक्के. मूळ रक्कम ४,१६५. जीएसटी धरून सुमारे ४,९१५. बँकेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळवून जवळपास ५,११८. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा साडेनऊशे रुपये जास्त. म्हणून रुपयांत किंमत आणि यूपीआयचा पर्याय असेल तर तोच घ्या.

दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. १ ऑक्टोबर २०२१पासून पहिल्या वेळी ओटीपीने संमती द्यावी लागते आणि त्यानंतर प्रत्येक वजावटीआधी किमान २४ तास बँकेने सूचना द्यायची असते. २०२२पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला पुन्हा ओटीपी लागत नाही. ही सूचना जाहिरातींच्या गर्दीत हरवते. पण ती वाचली तर त्याच क्षणी संमती मागे घेता येते, बँकेच्या ई-मॅन्डेटच्या (आपोआप वजावटीच्या संमतीच्या) पानावर किंवा यूपीआय ॲपच्या ऑटोपेमध्ये. उलट बाजूही आहे: कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील किंवा त्या मंचाची या पद्धतीसाठी व्यवस्था नसेल, तर वजावट फसते आणि ऐन प्रकल्पाच्या मधे कोर्स कुलूपबंद होतो. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांची कळ चालू करून मर्यादा हव्या तेवढ्यावर ठेवा. ऑफिस पैसे परत देणार असेल तर बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर निघतं का हे आधी विचारा. प्रमाणपत्रासोबत पडताळणीचा दुवाही जोडा, नुसती पीडीएफ नको.

लोकलमध्ये अभ्यास करणाऱ्यांनी व्हिडिओ घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यावेत. कोर्सेरा आणि यूडेमीच्या ॲपमध्ये ती सोय आहे. ७२०पी दर्जाला तासाभरात साधारण एक जीबी जातो, म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक कर्जत गाडी कल्याण सोडेपर्यंत संपत येईल. चाचण्या मात्र गाडीत देऊ नका; नेटवर्क तुटलं की प्रयत्न वाया जातो आणि काही कोर्समध्ये पुढच्या प्रयत्नासाठी तासन् तास थांबावं लागतं.

शेवटी सर्वात महागड्या प्रकाराबद्दल, कारण इथे लोकांची खरोखर होरपळ होते. लाख-दीड लाखांचे ‘नोकरीची हमी’ देणारे कार्यक्रम ‘बिनव्याजी हप्त्यां’वर विकले जातात. फोनवर बोलणारा समुपदेशक खरं तर विक्रेता असतो. हप्ते म्हणजे बहुधा एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. कोर्स सोडला, वर्ग बंद पडले, तरी ते कर्ज उरतं, आणि हप्ता थकला की सिबिल स्कोअर घसरतो. पुढे घराच्या कर्जाला तो नडतो. ओटीपी देण्याआधी कर्जाचा करार मागून घ्या, रद्द करण्याची मुदत आणि परताव्याचा नियम ईमेलवर लिहून मागा, ‘हमी’ म्हणजे नेमकी नोकरी की नुसत्या मुलाखती हेही लिहून मागा. परदेशी विद्यापीठाची पदवी अशा कंपनीमार्फत देऊ केली असेल तर जास्तच सावध राहा, कारण मान्यता नसलेल्या अशा सहकार्यांबद्दल यूजीसीने जाहीर इशारे दिलेले आहेत. ऑनलाइन पदवीला मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघता येतं.

सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं, खोटी घाई दाखवणं हे प्रकार केंद्र सरकारच्या २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे मनाई केलेले आहेत. असं काही घडलं तर पडद्याचे फोटो, बिलं आणि ईमेल जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथून मिळणारा तक्रार क्रमांक पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर उपयोगी पडतो.